बत्तिसाव्या डावानंतर

फरवानिया,
१९ एप्रिल

चि. प्रणय यास अनेक आशीर्वाद.

टण्, टण्, टण्.

आठवतो का हा आवाज? स्वयंपाकघराच्या खिडकीचे लोखंडी गज आणि आईच्या हातातलं ते राजापूरहून आणलेलं जाड उलथनं. खाली गाड्या लावायच्या रेताड जागेत तू, तो केरळी मुलगा आणि समोरच्या पॅलेस्टिनी मास्तरांची पोरं, कुठल्यातरी खोक्याची फळी बॅट म्हणून घेऊन धिंगाणा घालत असायचात. पहिल्या ठोक्याला तू वर बघायचाही नाहीस. दुसऱ्याला "आलो गं!" असं धादांत खोटं ओरडायचास. तिसऱ्याला मात्र फळी टाकून जिना चढायला लागायचास, कारण तिसऱ्यानंतर ती उलथन्यासकट स्वतः खाली येते हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. मास्तरांची पोरंसुद्धा पळायची.

आज तुझा वाढदिवस. सकाळी योगिनीने शिरा केला. तू फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद. मी लिहिणार आणि स्वरा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार, असं ठरलंय. ती म्हणते, "आजोबा, मामा विल सी इट. वाचेल की नाही, आय डोण्ट नो." तुझी भाची आहे, तिला खोटी आशा दाखवता येत नाही. पण तुला अक्षरं मीच शिकवली, शाळेतल्या कविता चालीवर म्हणून घेत. ओळ अडली तर मोठ्याने वाच, अर्थ मागून येतो.

बातमी अशी, की आम्ही कुवेत सोडतोय. योगिनीचं दवाखान्यातलं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतं, स्वराची शाळाही तेव्हाच संपते. जावई सुदेशराव पुण्यात घर बघून बसलेत. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, योगिनीच्या नावावर, तेव्हा ती निघाली की मीही निघालो. एकदा गेलो की या वयात मला परत इथे कोण येऊ देणार?

आणि तुझी आई इथेच राहणार.

म्हणून लिहितोय. जून संपायच्या आत एकदा ये. सुलैबिखातच्या दफनभूमीत तिच्याजवळ दोन मिनिटं उभा राहा, मूठभर माती उचल आणि आमच्याबरोबर राजापूरला चल. पुढचं पुढच्या पत्रात सांगतो. सगळं आजच सांगितलं तर तू कागद बाजूला ठेवशील.

तुझे,
बाबा


४ मे

चि. प्रणय,

स्वराने दाखवलं, पत्रावर दोन निळ्या खुणा आल्या आहेत. म्हणजे तू उघडलंस. उत्तर नाही. ठीक आहे. आम्ही शाळेत असताना पत्राचं उत्तर यायला आंबे उतरून जायचे.

आज तुझ्या त्या फ्रेमखाली बसून लिहितोय. बेसबॉलच्या क्लबात आकडे ठेवायची नोकरी लागली तेव्हा आईला तू पहिली भेट पाठवलीस ती साडी नाही की घड्याळ नाही, एका सामन्याचा छापील तक्ता! मी म्हटलं, पोरगा अमेरिकेत जाऊन बिघडला. आईने मात्र ती फ्रेम गॅसच्या वर टांगली, देवाच्या शेजारी. काचेवर फोडणीचे शिंतोडे आहेत अजून. योगिनीला पुसू दिलेले नाहीत.

त्या दिवशी फोनवर तू सगळं समजावून सांगितलंस ते मला पाठ आहे. तिकडच्या एका छोट्या गावात तुझ्या जन्माच्या रात्री सुरू झालेला सामना. व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांब. नऊ डावांत संपायचा, पण बरोबरी सुटेना. तिकडे रात्र होती तेव्हा इकडे दिवस. पहाटे आईला कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांचा पहिला डाव, आणि दुपारी तू रडलास तेव्हा त्यांचा बत्तिसावा संपत आला होता. आई म्हणाली होती, "बघा! मी आटपलं, आणि ते अजून खेळतायत मेले!"

थंडी इतकी, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पिंपात घालून पेटवल्या आणि शेकत बसले. प्रेक्षकांत एकोणीस माणसं उरली. शेवटी वरून कुणाचातरी हुकूम आला आणि बत्तिसाव्या डावानंतर सामना थांबवला.

तक्त्यात ती शून्यांची लांब ओळ आहे ना, ती मी लघु-गुरूच्या चालीवर म्हणतो. शून्य म्हणजे लघु, एक म्हणजे गुरू. शून्य शून्य शून्य, शून्य शून्य शून्य. मग कुठेतरी एक, आणि पुन्हा शून्यांचं वाळवंट. मग विसाव्या डावात दोन्ही संघांची एकेक धाव, जणू दोघे एकाच यमकावर येऊन थांबले. आणि पुन्हा शून्य. असलं वृत्त आमच्या मास्तरांनीही कधी शिकवलं नाही.

पण मला खरं काय आवडलं ते तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. सामना दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाला आणि वीस मिनिटांच्या आत संपला. तक्त्यात मात्र बत्तिसाव्या आणि तेहेतिसाव्या चौकोनात एका रेघेचंच अंतर. मी विचारलं, "मधले दोन महिने कुठे गेले?" तू म्हणालास, "ते मोजत नाहीत बाबा. सामना थांबला होता, संपला नव्हता. जिथे थांबला तिथूनच पुढे, आणि नोंद पहिल्या तारखेखालीच."

राजापूरच्या भटजींशी फोनवर बोललो. पालाशविधी म्हणून असतो. ज्याच्या देहाला अग्नी मिळाला नाही त्याची आकृती पळसाच्या पानादेठांची करायची, नारळाचं डोकं, आणि तिला मुलाने अग्नी द्यायचा. मग दहावा, तेरावा, सगळं रीतसर. मी विचारलं, इतकी वर्षं मध्ये गेली, चालेल का? भटजी म्हणाले, "बाळासाहेब, मधली वर्षं धरायची नाहीत. तिथी तीच."

मला हसू आलं. त्यांना वाटलं, म्हातारा रडतोय.

योगिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "दादा नाही आला तर मी देईन अग्नी. मला कुणाची परवानगी नको." देईल ती. पण आई जिच्यासाठी खिडकीवर उलथनं आपटायची ती योगिनी नव्हे. ती हाकेआधीच घरात असायची.

तुझे,
बाबा


२० मे

चि. प्रणय,

हे लिहू की नको, असं चार दिवस चाललंय. योगिनीला कळलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल, तेव्हा हे पान स्वराला सांगून पाठवतोय, "आईला दाखवू नकोस." तिने विचारलं, "इज इट अ सीक्रेट?" म्हटलं, "गंमत आहे."

आवाज येतो, प्रणय.

दिवसाढवळ्या. योगिनी कामावर, स्वरा शाळेत, मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलेला. स्वयंपाकघरातून टण्. जरा थांबून पुन्हा टण्. आणि मग काही नाही.

पहिल्यांदा वाटलं, शेजारचे. दुसऱ्यांदा उठून गेलो. गज स्थिर, बाहेर ऊन पांढरंफटक, खाली गाड्यांची टपं तापलेली. स्वयंपाकघरात मात्र मोहरी तडतडल्यानंतर राहतो तसा वास. मी दारात उभा राहिलो. आत पाऊल टाकायला, का कोण जाणे, लाज वाटली. तिच्या कामात मध्येच गेलो की ती म्हणायची ना, "तुमच्या कविता तिकडे. इकडे माझं राज्य."

योगिनी म्हणते, एसीच्या डक्टचा आवाज. असेल. या इमारतीचा एसी मी चाळीस वर्षं ऐकतोय. तो घरघरतो, ठिबकतो, कधी घोरतो. पण दोन ठोके देऊन तिसऱ्याची वाट बघायला लावत नाही.

हेच छळतं. दोनच ठोके. मी श्वास धरून बसतो. तिसरा येतच नाही.

उलथनं तर खोक्यात आहे. योगिनीने गेल्या आठवड्यात भांडी बांधली. नव्वद साली इराकी फौजा घुसल्या आणि घर टाकून अम्मानच्या वाटेने पळालो तेव्हा आईने दागिन्यांच्या आधी ते पिशवीत घातलं होतं, म्हणून मी म्हटलं, हे नीट ठेव. तिने वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी मारली. ते खोकं हॉलमध्ये माझ्या खुर्चीला लागून आहे. आवाज मात्र आतून येतो.

काल स्वरा घरी होती, बरं नव्हतं म्हणून. सोफ्यावर पडून फोन बघत होती. टण्. तिने मान वर केली. टण्. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम पेपरात डोकं घातलं.

"आजोबा, समवन इज कॉलिंग."

मी तिला विचारलंही नव्हतं. एसीचा आवाज आहे, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली, कुणीतरी बोलावतंय.

ये रे.

बाबा


९ जून

चि. प्रणय,

काल दुपारी स्वरा धावत आली. "मामाचा रिप्लाय!" मला चष्मा सापडेना. तिने वाचून दाखवलं. इंग्रजीत, एकच ओळ. ट्वेंटी-फर्स्ट. नॉट ट्वेंटिएथ.

विसावा डाव नव्हे, एकविसावा.

बस्स. आशीर्वादाला उत्तर नाही, "येतो" असं नाही, "येत नाही" असंही नाही. आईच्या नावाला उत्तर नाही. म्हातारा बाप भ्रमिष्ट झालाय असं तो स्वतःच लिहितोय, त्यालाही नाही. पण कुणी तक्त्यातला आकडा चुकवला, ते तुला सहन झालं नाही!

योगिनी कपाळावर हात मारून म्हणाली, "शी, काय माणूस आहे हा!" आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मी मात्र शिरा कर म्हटलं.

आता ऐक. इथल्या सरकारी इस्पितळाच्या रक्त-लघवीच्या लॅबमध्ये मी आयुष्य काढलं. आकडा वाचायला मी चुकत नाही. रोज सकाळी मशीन सुरू केलं की पहिला नमुना रुग्णाचा घालायचा नसतो. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा घालायचा. मशीनने बरोबर ओळखला, तर समजायचं, आत सगळं ठीक आहे. समोर फ्रेम असताना मी मुद्दाम विसावा लिहिलं. मधला पूर्ण महिना मला वाटत होतं, तुझ्या आत काही उरलेलं नाही. काल कळलं, आहे.

आता जे तुझ्यापासून राखून ठेवलं होतं ते सांगतो. राखून ठेवलं त्याचा मला पस्तावा नाही. पुन्हा तसंच करीन.

साथीच्या दिवसांत फोनवर तू ओरडलास, "थांबायचं होतंत! विमानं सुरू होईपर्यंत तिला ठेवायचं होतंत! दफनाच्या कागदावर सही करताना हात कसा धजावला तुमचा?" त्यानंतर तू बोललेला नाहीस. मी तेव्हा काही म्हटलं नाही, कारण बोलायला श्वास नव्हता. आई गेली त्याच इस्पितळात, तिच्या वॉर्डाच्या दोन मजले वर, मी नाकाला नळी लावून पडलो होतो. फोन योगिनीने पिशवीत घालून माझ्या कानाशी धरला होता. ती अंतराळवीरासारखा पोशाख घालून तिथेच ड्यूटीवर होती. मीच तिला खुणेने सांगितलं, दादाला सांगू नकोस. एक गेली, दुसरा टांगलेला, आणि तू हजारो मैलांवर बंद खोलीत. काय केलं असतंस?

ठेवून घेण्याची सोय नव्हती. साथीने गेलेल्याला कुणालाच ठेवत नव्हते. हिंदू असो, कुणी असो. इथे दहन नाही, विमान नाही. मातीच होती.

आईला पोचवायला घरचं कुणी नव्हतं. गाडीवर तौफीक नावाचा एक बंगाली होता. नंतर मी बरा झाल्यावर त्यानेच जागा दाखवली. म्हणाला, "चाचा, सबको एक जैसा उतारा. मगर मांजी को उतारा तो मैंने बोला, आराम से, किसी की मां है." कुणाच्या आईला काय म्हणावं, हे त्याला कुणी शिकवलं असेल?

सही कुणी केली ते आता विचारू नकोस. माझी समज. बहिणीशी नीट बोल एवढंच सांगतो.

आवाज अजून येतो. दोनच.

बाबा


२३ जून

चि. प्रणय,

हे शेवटचं इथून. परवा पहाटेचं विमान. सोफा एका बिहारी कुटुंबाने नेला, फ्रिज उद्या जाईल. भिंतीवर तुझी फ्रेम होती तिथे पांढरा चौकोन उरलाय. फ्रेम माझ्या हातातल्या पिशवीतून जाईल, सामानात नाही.

योगिनी आणि स्वरा शाळेत दाखला आणायला गेल्या आहेत. मी खोक्यावर पाय ठेवून लिहितोय. तारीख बघितलीस? तुझ्या त्या सामन्याचा तेहेतिसावा डाव आजच्याच तारखेला झाला. आज दिवसभर मी उगाच दाराकडे कान देऊन आहे. म्हातारपणी माणूस पंचांगासारखा होतो, प्रत्येक दिवसाला काहीतरी चिकटवतो.

माती काल मीच आणली. तौफीकने गाडीतून नेलं. उन्हात वाकवत नव्हतं, त्याने हाताला धरलं. पांढरा सुती रुमाल पसरला आणि मूठभर घेतली. रेतीच आहे रे, प्रणय. राजापूरच्या लाल मातीसारखी हाताला चिकटत नाही, बोटांतून सुटते. गाठ मारताना मी तिला म्हटलं, "चल." एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात तिला कुठे न्यायचं असलं की मी एवढंच म्हणायचो, आणि ती म्हणायची, "थांबा, गॅस बघून येते."

काल तीही थांबली असं वाटलं. गाडीत बसलो तरी कुणीतरी मागे राहिल्यासारखं. तौफीकने आरशातून मागच्या सीटकडे दोनदा बघितलं.

राजापूरला पळसाची पानं सांगून ठेवली आहेत. अग्नी योगिनी देईल. चांगलाच देईल, तिचा हात थरथरत नाही. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. एवढंच वाटतं, की

आत्ता आवाज आला. टण्.

लिहीत राहतो. हात थांबवला तर भीती वाटेल. आज फार स्पष्ट होता, गजाची थरथरसुद्धा ऐकू आली. स्वयंपाकघर रिकामं आहे रे, चमचासुद्धा उरला नाही तिथे.

टण्.

दोन. वाट बघतोय.

बेल वाजली. योगिनी किल्ली विसरली असणार.

*

योगिनी नव्हती.

दारात एक उंच बाई. पिंगट केस कपाळाला चिकटलेले, पाठीवर पिशवी, उन्हाने चेहरा लालबुंद. मी म्हटलं, "फ्रिज उद्या." तिला वाटलं मी नमस्कार केला. तिने हात जोडले आणि अडखळत म्हणाली, "बाबा? आय ॲम मारिया."

मारिया! तुझ्या लग्नाचा फोटो आईने बघितला होता, मी चष्मा नसल्याचं निमित्त केलं होतं. फोटोत बारीक दिसते.

मी तिच्या मागे जिन्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. मी दाराची चौकट धरली. तिने मला धरून या खोक्यावर बसवलं आणि घाईघाईने म्हणाली, नाही नाही, तो ठीक आहे, तो आलाय, खाली आहे. गाड्यांच्या मध्ये उभा आहे. अर्धा तास झाला. वर चल म्हटलं की मान हलवतो. तिला वाटलं, भांडण अजून मिटलं नसेल, म्हणून ती एकटीच आली.

मग तिने विचारलं, "वर खिडकीवर कोण ठोकत होतं? आम्ही खालून ऐकलं. ही हर्ड इट अँड ही जस्ट फ्रोझ. मी म्हटलं चल, तर म्हणाला, दोनच झालेत."

प्रणय, मी खिडकीशी जाऊन आलो. डोक्यावरचे केस विरळ झालेत तुझे. उन्हात उभा आहेस, टोपी नाही, आणि वर बघत नाहीस. लहानपणीसारखाच, मुद्दाम.

मारिया पाणी पितेय आणि माझ्याकडे बघतेय, की हा माणूस लिहितो काय आहे. खरंच, पोरगा खाली उभा आणि मी वर बसून त्याला पत्र लिहितोय! आई असती तर म्हणाली असती, "अहो, ठेवा ती लेखणी, पोर उन्हात आहे."

ठेवली.

चिकटपट्टी निघत नाहीये, दातांनी तोडतो. उलथनं अगदी तळाशी आहे.